दाद देणारा आवाज

त्या जागेला दुकान म्हणणं म्हणजे तिचा मान वाढवणंच होतं. जुन्या इमारतीचा जिना वर वळताना खाली जो कोपरा उरतो, तेवढीच ती जागा, तीही रस्त्यापेक्षा जराशी खाली. आत एक टेबल, इस्त्रीचा फळा, कपडे टांगायची दांडी आणि एक खिडकी. पण खिडकी उत्तरेची होती, आणि रफूच्या कामाला याहून मोठं वरदान नाही. ऊन कधी आत येत नसे; उजेड मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पातळ दुधासारखा टेबलावर सांडलेला असे. त्या उजेडात लोकरीची बारीक कुसं तरंगत राहत, आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसत.

रफूकाकांचं सगळं आयुष्य त्या उजेडात गेलं. लहानथोर सगळे त्यांना रफूकाकाच म्हणत. चर्चच्या मंडळीचे पाळक वयाने मोठे, तेही म्हणत. एकदा काका भिंगावर वाकले की जग बटणाएवढं व्हायचं, आणि त्या बटणाएवढ्या जगात धागे दोरखंडासारखे जाड दिसायचे. उभा एक, आडवा एक, वरून, खालून. तास कुठे विरघळून जात ते त्यांना कळत नसे. काकू चहासाठी हाक मारायच्या, आणि काका वर बघायचे ते असे, की आपल्याला पायही आहेत याचंच त्यांना नवल वाटावं.

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम काकूंचं. ते काकांवर सोपवलं असतं तर धंदा कधीच बसला असता. कारण कुणी कोट आणला, की काका कोट सोडून भोकाचंच कौतुक करत बसायचे. बटणं, चेन, इस्त्री हेही काकूंकडे. इतका हुबेहूब धागा मिळतो तरी कुठे, असं लोक हमखास विचारत. काकू सांगत, की तो बाजारात मिळत नाही, तुमच्याच कोटाचा असतो. आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, काका एकेक धागा अलगद ओढून काढत आणि भोकावर विणत. दुमडीत कापड असेपर्यंतच हे चालतं. किती उरलंय ते बाहेरून दिसत नाही.

मंडळीत काकांचं नाव होतं ते मात्र रफूसाठी नाही, प्रार्थनेसाठी. आठवड्याची प्रार्थनासभा कुणा ना कुणाच्या घरी भरे, आणि शेवटची प्रार्थना काकांनी करायची हे न बोलता ठरलेलं असे. ते डोळे मिटून बोलू लागले की एक शब्द दुसऱ्यात मिसळत जाई. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. बायका डोळे टिपत. रफूकाकांनी प्रार्थना केली की आजारी माणूस तिथल्या तिथे निम्मा बरा होतो, असं एक म्हातारी छातीठोकपणे सांगायची. तिला ऐकू अजिबात येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

काकांच्या भक्तीत खोट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे वाचणाऱ्याला त्यांचा राग येईल. त्यांचा देवावर जीव होता. भिंगावर वाकलेलं असतानाही ते मनातल्या मनात त्याच्याशी बोलत. शेजारी कुणी बसलंय म्हणून आपण बोलतो, तसं.

मग मेव्हणीची मुलगी आजारी पडली. काकूंच्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक. काकांच्या टेबलाखाली बसून धाग्यांचे तुकडे गोळा करायचे आणि त्यांचा गुंता करून काकांच्याच खिशात कोंबायचा, हा तिचा आवडता उद्योग. ताप काही केल्या उतरेना. मेव्हणीने काकांना बोलावून घेतलं. काकांनी त्या छोट्या पलंगाजवळ उभं राहून प्रार्थना केली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर प्रार्थना होती. आमेन म्हणताना त्यांची खात्री पटली होती, की पोरगी आता उठून बसणार.

पोरगी गेली. मेव्हणीने काकांना एका शब्दाने दोष दिला नाही. दोष दिला असता तर कदाचित बरं झालं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी तो आवाज आला. शत्रूबद्दल, म्हणजे सैतानाबद्दल, काकांनी उपदेशात जन्मभर ऐकलं होतं. तो गर्जत येतो, घाबरवतो, झडप घालतो, अशी त्यांची समजूत होती, आणि तसा कुणी आला असता तर ते तयारही होते. हा तसा आलाच नाही. भर दुपारी, तपकिरी कोटाच्या बाहीला पडलेलं कसरीचं भोक ते विणत होते, खिडकीतून पाय चाललेले होते, आणि एखादं जुनं, सभ्य गिऱ्हाईक बोलावं तसं कुणीतरी त्यांच्या आत बोललं.

"काका, त्या दिवशीची प्रार्थना फार सुंदर झाली."

एवढंच. काका जवळजवळ आभार मानणार होते. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच अदबीने तो पुढचं बोलला.

"ऐकायला कुणी असतं, तर त्यालाही आवडली असती."

काकांच्या हातातली सुई थांबली. त्यांनी मान हलवून तो विचार झटकला, पण असले विचार झटकून जात नाहीत, कपड्याला लोकर चिकटावी तसे ते पुन्हा येऊन बसतात. काका वाद घालू लागले. ऐकणारा आहे, असं ते म्हणत. असेलही, असं तो म्हणे, आणि तेवढ्यावर गप्प बसे. त्याचं ते गप्प बसणं वाईट. संध्याकाळी काका नेहमीसारखे एकटे बसले, डोळे मिटले, आणि तोंडातून शब्द निघेना. शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

आता, हे कुणाला तरी सांगायचं. पाळकांना सांगायचं, बायकोला सांगायचं. पण ज्याच्याकडे सगळे आपली फाटलेली वस्त्रं घेऊन येतात, त्याने आपलं फाटलेलं कुणापुढे धरायचं? काकांना ती लाज झेपली नाही. पुढच्या सभेत सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी तेच केलं जे त्यांच्या हातांना येत होतं. आपल्याच जुन्या प्रार्थनांच्या दुमडीतून त्यांनी धागे ओढले. एक वाक्य कुणाच्या लग्नातलं, एक वडिलांच्या अंत्यविधीचं, एक पाळक आजारी होते तेव्हाचं. उभं एक, आडवं एक. सुंदर विणलं. बायकांनी डोळे टिपले, म्हातारी मान डोलावत राहिली.

"वा," तो आवाज म्हणाला. "कुठे फाटलं होतं ते कळतसुद्धा नाही."

अशी चूक रफूवाल्यालाच सुचावी. दुसऱ्या कुणाला शब्द सुचले नसते तर तो अडखळला असता, लोकांनी विचारलं असतं, प्रकरण उघड्यावर आलं असतं आणि चार माणसांनी मिळून त्याला सावरलं असतं. काकांचं काम इतकं सफाईदार, की त्यांना कुणी विचारलंच नाही. वर्ष उलटलं. सभेत ते बोलत, घरी मूग गिळून बसत, आणि आपण आतून पोकळ झालो आहोत हे त्यांच्याशिवाय फक्त त्या आवाजाला माहीत होतं.

ते लढले नाहीत असं नाही. पाळकांनी एकदा आत्म्याच्या लढाईवर उपदेश केला, तो काकांनी अगदी पुढे बसून ऐकला. मग उपास धरले. पहाटे उठून थंड फरशीवर गुडघे टेकले. वचनं पाठ केली. पण काहीही करा, तो आवाज दाद द्यायला हजर. आज गुडघे छान टेकलेत काका. आजचा उपास अगदी मनापासून झाला. अशी शाबासकी मिळाली की केलेल्या गोष्टीवर डाग पडायचा, आणि ती पुन्हा हातात घ्यावीशी वाटायची नाही. झोप तर कधीच उडाली होती. काकूंनी विचारलं, की हल्ली तुमचे डोळे असे का दिसतात, तर काकांनी भिंगावर ढकललं. भिंग बिचारं काय बोलणार.

आणि मग एके दिवशी काकूंनी इस्त्री करता करता सांगितलं, की पोटात गाठ आहे.

त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, एकट्याच. गाठ काढावी लागेल आणि ती कसली आहे ते काढून तपासल्यावरच कळेल, हे त्यांनी पँटची घडी मोडू न देता, सरळ आवाजात सांगितलं. मध्येच एक गिऱ्हाईक येऊन बटणं घेऊन गेलं. ते गेल्यावर काकूंनी इस्त्री उभी केली आणि म्हणाल्या, "माझं एकच मागणं आहे. आत नेण्याआधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. पाळक नकोत, मंडळी नको. आपलं दोघांचंच."

काका हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तो सगळा आठवडा त्यांनी भिंगाखाली वाकून काढला, पण डोळ्यांपुढे कापड नव्हतं. ते प्रार्थना जमवत होते. एक धागा ओढावा तर तो मागच्या महिन्यात वापरलेला निघे. दुसरा ओढावा तर हातात तुटून येई. दुमडीतलं संपलं होतं. उजेड टेबलावर पसरलेला असे, कुसं तरंगत असत, आणि त्या तरंगणाऱ्या धुरकट दुपारीत काकांना वाटे, की आपणही असेच कुठेतरी हवेत आहोत, खाली कधी टेकणारच नाही. काकू फळ्यावर वाकून इस्त्री फिरवत आहेत, वाफ वर जाते आहे, वाफेत त्यांचा चेहरा पुसट होतो आहे, हे बघून काका घाबरून उठत आणि उगीचच त्यांच्या जवळ जाऊन उभे राहत. काकू विचारत, की काय हवंय. काही नको असायचं.

त्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक तिरकी वीण उलटी पडली. सगळ्या कापडाच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या आणि काकांनी विणलेला तुकडा डावीकडे. शिकाऊ माणसाच्या हातूनही होणार नाही अशी ती चूक. काकूंनी तो कोट इस्त्रीच्या फळ्यावरून उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि हे तुम्ही केलंत का, एवढंच विचारलं. काकांनी निमूटपणे सगळं उसवून पुन्हा विणलं. काकूंना वाटलं, माझ्या काळजीने झालं असेल, आणि त्यांना त्यातही जरा बरं वाटलं.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. रुग्णालयाच्या लांब खोलीत पडदे लावून एकेका माणसापुरते कोपरे केले होते. पडद्याच्या आत काकू हिरवा झगा घालून, केस टोपीत कोंबून पलंगावर बसल्या होत्या. इतकी वर्षं संसार केलेली बाई त्या टोपीत शाळकरी पोरीसारखी दिसत होती. अंगठी त्यांनी बहिणीकडे दिली. मेव्हणीने ती हरवू नये म्हणून अंगठ्यात घातली आणि दोघांना एकटं सोडून ती पडद्याबाहेर गेली. काकूंनी हात पुढे केला, डोळे मिटले आणि वाट पाहू लागल्या.

काकांनी त्यांचा हात धरला. घसा साफ केला. पहिलं वाक्य आलं, गुळगुळीत, घोळदार, आणि ते अर्ध्यावर असतानाच काकांनी ते ओळखलं. हे त्या छोट्या पलंगाजवळचं वाक्य होतं.

"छान सुरुवात," आवाज म्हणाला.

काका थांबले. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं. काकूंना वाटलं, यांना गहिवरून आलंय, म्हणून त्यांनी हात जरा दाबला. आता वाक्य पुरं करायचं एवढंच उरलं होतं. हात सवयीचा होता, टाका दिसला नसता, आणि काकू शांत मनाने आत गेल्या असत्या. काकांना ते करता आलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना करता आलं नाही.

"मला येत नाही," ते म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले.

"बरेच दिवस येत नाही. पोरगी गेल्यापासून. सभेत बोलतो ते सगळं जुनं असतं, जोडून जोडून म्हणतो. आत काही नाहीये माझ्या."

गोष्ट रंगवून सांगायची असती तर इथे काकूंनी हसून म्हटलं असतं, की मला सगळं माहीत होतं. त्यांना काडीचंही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला, आणि मग त्यांना राग आला, जो येणं अगदी साहजिक होतं.

"हे आत्ता सांगताय होय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पडदा सरकला आणि चाकांची गाडी आली. परिचारिका हसतमुख होती, तिला काय माहीत. काकूंना गाडीवर घेतलं. व्हरांड्यात काका गाडीच्या बरोबर चालत राहिले. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांचं एक बोट मात्र घट्ट धरून होत्या, ते थेट दारापर्यंत. तिथे परिचारिकेने ते हळूच सोडवलं.

दाराबाहेर बाकांची रांग होती. भिंती फिकट, वरच्या काचेतून येणारा उजेडही फिकट, सावली न पाडणारा. माणसं त्यात बसलेली होती, पण कुणी कुणाच्या जवळ नव्हतं. काका एका टोकाला बसले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला दिलेलं सगळ्यात वाईट काही असेल तर ते हे, आणि ते घेऊन ती आत गेली होती.

"तिला घाबरवून पाठवलंत," आवाज म्हणाला. अजूनही त्याच अदबीने. "मुलीच्या वेळी निदान शब्द तरी होते."

काका नकळत आपल्याच सदऱ्याच्या दुमडीतून धागे ओढू लागले. सुई धरणाऱ्या त्या हातांनी धड कापड जन्मात कधी विनाकारण उसवलं नव्हतं. मेव्हणी चहाचे दोन पेले घेऊन आली, तिने ते हात पाहिले, पेले बाकावर ठेवले आणि शेजारी बसली. काय झालं म्हणून तिने विचारलं नाही. बहुतेक त्यामुळेच काकांनी सांगितलं. पडद्याआड काय झालं ते सांगितलं, त्याआधीचं वर्ष सांगितलं, आणि शेवटी, जमिनीकडे बघत, जे तिला कधीच कळू नये असं त्यांना वाटत होतं तेही सांगितलं: की तिच्या मुलीसाठी केलेली ती प्रार्थना कुणी ऐकलीच नव्हती, असं त्यांना तेव्हापासून वाटत आलंय.

मेव्हणी बराच वेळ अंगठ्यातली अंगठी फिरवत राहिली.

"भाऊजी, मला तर तेव्हापासून एक वाक्य जमलेलं नाही," ती म्हणाली. "सकाळी भांडी घासताना मी म्हणते, देवा. पुढे काही येतच नाही. नळ चालू असतो. कधी रडते. कधी रागावते. एकदा तर त्याला तोंडावर सांगितलं, मला तुझ्याशी बोलायचं नाही म्हणून."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडी, पुन्हा देवा."

"तो काही बोलतो?"

"नाही. पण मी तिथे एकटी नसते."

"कशावरून?"

"ते नका विचारू. मी काही पाळक नाही." तिने पेला त्यांच्याकडे सरकवला. "चहा घ्या, निवतोय."

काकांनी चहा घेतला. त्यांना लाज वाटली, पण ती नेहमीची लाज नव्हती. जिचं लेकरू गेलं ती रोज रिकाम्या हाताने देवाच्या दाराशी जाऊन उभी राहत होती. आणि ज्याची नुसती प्रार्थना गेली तो वर्षभर घरात बसून चांगला कपडा शिवत होता, की तो घालून मग जाऊ. एवढ्या काळात त्यांनी त्या आवाजाला एकच उत्तर दिलं होतं: मी पोकळ नाही, हे बघ. उपास करून दिलं, गुडघे टेकून दिलं, सभा जिंकून दिलं. प्रत्येक वेळी तो बघायचा, दाद द्यायचा, आणि आणखी मागायचा.

तो आताही आला. पोकळ माणसाने हाक मारून काय होणार काका, असं काहीसं बोलू लागला. काकांनी पहिल्यांदाच त्याच्याशी वाद घातला नाही. खरं आहे, ते मनात म्हणाले. मी पोकळच आहे. माझ्यात काहीही नाही. ते कबूल. पण ती आत आहे ती काही माझ्या भरवशावर नाही, आणि ती पोरगीही माझ्या भरवशावर नव्हती.

मग ते म्हणाले, "देवा." ओठ हलले की नाही तेही त्यांना कळलं नाही. पुढे काही आलं नाही. बऱ्याच वेळाने आलं ते इतकंच, की ती आत आहे, आणि तूही आत आहेस ना.

उजेड पडला नाही, अंगावर काटा आला नाही, शेजारी कुणी बसल्यासारखंही वाटलं नाही. फक्त खांदे खाली आले. इतके दिवस ते कानाला लावून आपण फिरत होतो, हे काकांना ते उतरल्यावर कळलं. त्यांनी पाठ भिंतीला टेकली. गाड्यांची चाकं लांब कुठेतरी फिरत होती, कुणाची तरी चप्पल फरशीवर वाजत गेली, फिकट उजेड हळूहळू वर चढत पाण्यासारखा डोळ्यांपर्यंत आला, आणि काका झोपले.

त्यांना स्वप्न पडलं. स्वप्नात ते स्वतःच्याच टेबलाखाली बसले होते, लहान होऊन, गुडघे पोटाशी घेऊन. वर कुणीतरी काम करत होतं. काकांना त्याचे फक्त गुडघे दिसत होते आणि वरून मधूनमधून धाग्याचा एखादा तुकडा तरंगत खाली येत होता. तिथे आणखीही कुणी बसलेलं होतं, लहानसं, उबदार, काकांच्या दंडाला टेकून. वर काय चाललंय, कुणाचं काय फाटलंय, विचारावंसं त्यांना वाटलंच नाही. उजेड चांगला होता. काम चाललेलं होतं.

मेव्हणीने खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा ते जागे झाले. समोर परिचारिका उभी होती आणि हसू दाबत होती.

"काका, केव्हाची हाका मारतेय मी."

ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. गाठ काढली होती, तपासायला पाठवली होती. कसली ते आठवडाभराने कळणार होतं. तोपर्यंत काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. परिचारिका गेली. मेव्हणीला हसावं की रागवावं ते कळेना. बायको आत आणि हे इथे डाराडूर, तेही असे घोरत, की पलीकडचे गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले, असं तिने काकांना सुनावलं. काका शरमले. मग त्यांना काय झालं कोण जाणे, हसूच आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

काकूंना शुद्ध यायला वेळ लागला. शुद्धीवर आल्या तरी त्या पूर्ण आल्या नव्हत्या. शब्द जड, पापण्या अर्ध्या. बहिणीने वाकून त्यांच्या बोटात अंगठी घातली आणि पहिली चहाडी हीच केली.

"ताई, तुझा नवरा बाहेर झोपला होता."

काकूंनी डोळे कष्टाने काकांकडे वळवले. इतके दिवस काका रात्रभर कूस बदलत असत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"खरंच झोप लागली तुम्हाला?"

"लागली."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. सकाळचा राग अजून पुरता गेलेला नव्हता, पण त्या रागाखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

"म्हणजे मला कुणाकडे तरी सोपवलं असणार तुम्ही," त्या म्हणाल्या. "एरवी तुम्ही झोपणार नाही."

काकांनी मान डोलावली.

"मग आता करा. सकाळची राहिलीय."

शेजारच्या पलंगावरची बाई इकडेच बघत होती. पडदाही ओढलेला नव्हता. काकांनी हात धरला. आणि रिपोर्ट वाईट आला तर, असं आत कुणीतरी विचारलं, अगदी अदबीने. काकांनी त्याचं उत्तर शोधलं नाही.

"देवा," ते म्हणाले. नाक वाहू लागलं. "मला भीती वाटते. ही माझी बायको आहे. म्हणजे तुझीच आहे. ती पोरगी पण..." इथे ते अडले. "आम्हाला सोडू नको. मला पुढचं येत नाही. तू बघ."

काकूंचे डोळे मिटले होते, पण हात सैल पडला नव्हता. मेव्हणीने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, आणि पुढे खरंच काही येत नाही असं दिसल्यावर तिनेच आमेन म्हटलं.